धाकटा के, थोरला के

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. माढा तालुक्यातला माझा एक विद्यार्थी सलग दोन दिवस शिकवणीला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो लाल डोळ्यांनी. वडिलांबरोबर उसाच्या ट्रॉलीवर बसून रात्र काढली होती. तोड होऊन दोन दिवस उलटले तरी कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागत नव्हता. वही उघडायच्या आधीच त्याने विचारलं, "सर, ऊस वाळला की वजन घटतं, ते कळतं. पाणी उडतं. पण उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, का घटतो ओ? साखर काय वाफ होऊन जाते का?"

मागच्या बाकावरून कुणीतरी "काय बे, साखरेची वाफ!" म्हणून खिदळलं. मी मात्र त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर ऊस काढला. अकरावीतला 'रासायनिक समतोल' आणि बारावीतला 'अभिक्रियेचा वेग' हे दोन्ही धडे त्या एका प्रश्नात येऊन बसले होते.

हे दोन धडे दोन निरनिराळे प्रश्न विचारतात. वेगाचा धडा विचारतो: किती लवकर? समतोलाचा: कुठवर? सोलापूरहून पुण्याला किती तासांत पोचाल हा एक प्रश्न, आणि तुमचं तिकीट पुण्यापर्यंतचं आहे की कुर्डुवाडीपर्यंतचं हा दुसरा. गाडी कितीही जोरात पळाली तरी तिकीट वाढत नाही. इतकं साधं असूनही परीक्षेत पोरं एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहितात. त्यात भर म्हणजे दोन्ही धड्यांतल्या मुख्य स्थिरांकाचं नाव एकच, 'के'. इंग्रजीत एक लहान अक्षरात, एक मोठ्या अक्षरात. मराठीतून दहावी करून आलेल्या पोरांना दोन्ही ऐकायला सारखेच. म्हणून आमच्या वर्गात वेग स्थिरांकाला 'धाकटा के' म्हणतात आणि समतोल स्थिरांकाला 'थोरला के'. बोर्डाच्या पेपरात असं लिहू नका, पण डोक्यात असंच ठेवा.

तर साखर उडत नाही, फुटते. साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्याचे दोन तुकडे होतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तोडलेल्या उसात हे काम इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात, ते वेगळेच. ग्लुकोज-फ्रुक्टोज गोड असतात, पण त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. ते मळीत निघून जातात, वर उरलेल्या साखरेचे दाणेही पडू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून घरात दोन थेंब लिंबू पिळतात ना, तीच ही अभिक्रिया. आईला जी हवी असते, तीच कारखान्याला नको असते.

किती लवकर?

रसायनशास्त्रात वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो याच अभिक्रियेवर. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि त्यातून ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणारा) प्रकाश सोडला. साखरेचं द्रावण हा प्रकाश उजवीकडे वळवतं, फुटल्यानंतरचं मिश्रण डावीकडे. दिशा उलटते, म्हणून या फुटण्याला 'इन्व्हर्जन' हे नाव पडलं. प्रकाश किती वळला ते दर थोड्या वेळाने मोजलं की किती साखर उरली ते कळतं, बाटली उघडायचीही गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये रसाचा 'पोल', म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात तो याच तत्त्वावर.

विल्हेल्मीला दिसलं ते असं: कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी जितकी साखर उरली आहे तिच्या प्रमाणात असतो. साखर अर्धी झाली की वेगही अर्धा. सूत्रात लिहायचं तर,

वेग = धाकटा के × [साखर]

चौकटी कंसाचा अर्थ संहती, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल (मोल हे रेणू मोजायचं माप, डझनासारखं). (अभिक्रियेत पाणीही खर्च होतं, पण ते इतकं मुबलक असतं की त्याची संहती बदलल्याचं जाणवत नाही. म्हणून ते सूत्रात दिसत नाही.)

आता यातून निघणारी मजेची गोष्ट. समजा, एका आम्लयुक्त द्रावणात अर्धी साखर फुटायला ३ तास लागतात. मग सगळी फुटायला किती? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात वर होतात: "सहा तास, सर." चूक. पहिल्या ३ तासांत १०० ग्रॅमचे ५० झाले. पुढच्या ३ तासांत त्या ५० चे अर्धे, म्हणजे २५ उरले. नऊ तासांनी १२.५. पगार झाला की पहिल्या आठवड्यात खिसा झपाट्याने रिकामा होतो, आणि महिनाअखेर उरलेले पन्नास रुपये मात्र चिवटपणे टिकतात, तसं. फुटायला साखरच कमी उरल्यामुळे वेग मंदावत जातो.

अशा पहिल्या कोटीच्या, म्हणजे वेग संहतीच्या सरळ प्रमाणात असलेल्या, अभिक्रियेत अर्धायुकाल सुरुवातीच्या साखरेवर अवलंबून नसतो. एक पोतं घ्या नाहीतर एक चमचा, अर्धं व्हायला तेच ३ तास. गणित असं:

धाकटा के = ०.६९३ ÷ ३ = ०.२३१ प्रति तास

९० टक्के साखर फुटायला लागणारा वेळ: २.३०३ ÷ ०.२३१ × लॉग(१०० ÷ १०) = सुमारे १० तास. ९९.९ टक्के फुटायला यातल्या लॉगचं मूल्य १ ऐवजी ३ होतं, म्हणून वेळही तिप्पट, सुमारे ३० तास. तीस तास म्हणजे दहा अर्धायुकाल. हे लक्षात राहिलं तर कॅल्क्युलेटर नसतानाही उत्तर पडताळता येतं, आणि पडताळणं ही सवय गुण मिळवून देते.

आता कोटी म्हणजे वेगाच्या सूत्रात त्या पदार्थाच्या संहतीचा कितवा घात येतो तो आकडा. ती कशी शोधतात? इथे माझा जरा हट्ट आहे. कोटी समीकरणाकडे बघून काढता येत नाही. ती प्रयोगातूनच मिळते. समजा अ आणि ब या दोन पदार्थांची अभिक्रिया आहे. पहिल्या प्रयोगात दोघांची संहती ०.१ ठेवली, वेग आला ०.००२. दुसऱ्या प्रयोगात अ ची ०.२ केली, ब तेवढाच ठेवला. वेग आला ०.००४. अ दुप्पट, वेग दुप्पट: अ ची कोटी १. तिसऱ्या प्रयोगात अ ०.२ वरच ठेवून ब ०.२ केला. वेग ०.०१६, म्हणजे चौपट. ब दुप्पट, वेग चौपट: ब ची कोटी २. तेव्हा,

वेग = धाकटा के × [अ] × [ब] चा वर्ग

पहिल्या प्रयोगातले आकडे घाला: ०.००२ = के × ०.१ × ०.०१, म्हणून के = २. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी जशीच्या तशी. भाजीत मीठ आणि तिखट दोन्ही एकदम वाढवलं तर बिघडवलं कुणी ते कसं सांगणार?

हट्टाचं कारण पुन्हा साखरेत सापडतं. साखर फुटण्याच्या समीकरणात आम्ल कुठेच नाही. साखर अधिक पाणी, त्यातून ग्लुकोज अधिक फ्रुक्टोज, संपलं. पण वेग मात्र आम्लावर अवलंबून असतो. आम्ल जास्त तितका वेग जास्त. समीकरणात नाव नसलेला पाहुणा सगळं कार्य चालवतो. तो उत्प्रेरक. रेणूंना फुटण्यासाठी जो घाट चढावा लागतो, त्याऐवजी कमी चढाची दुसरी वाट तो काढून देतो. काम झालं की जसा आला तसा बाहेर.

उसाचा ताजा रस आंबटसर असतो, त्याचा पीएच पाच ते साडेपाचच्या आसपास. असा रस तसाच तापवला तर साखर कढईतच फुटायची. म्हणून कारखान्यात रसात कालवलेला चुना घालून पीएच सातच्या जवळ आणतात. चुन्याने गाळ खाली बसतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण त्यासोबत तो या आम्लाचीही वाट अडवतो. पुढे रस आटवून दाणे पाडतात ते व्हॅक्यूम पॅनमध्ये. हवेचा दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बऱ्याच खाली उकळतं, आणि साखरेला कमी चटका बसतो.

तापमानाचं एवढं काय घेऊन बसलात, असं वाटेल. सोलापूरकराला तर तापमानाचं कौतुक सांगायलाच नको. तरीही आकडा बघा. १८८९ साली स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तापमान आणि वेग यांचं नातं मांडलं, तेही याच साखर फुटण्याच्या अभिक्रियेवरच्या निबंधात. त्याचं म्हणणं असं: रेणू एकमेकांवर सारखे आपटत असतात, पण घाट ओलांडण्याइतका जोर फारच थोड्यांत असतो. तापमान जरासं वाढलं की आपटणं किंचितच वाढतं, मात्र पुरेसा जोर असलेल्यांची संख्या भराभर वाढते. त्या घाटाच्या उंचीला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

आम्लात साखर फुटण्याची सक्रियण ऊर्जा मोलला साधारण १०८ किलोज्यूल आहे. जानेवारीतल्या दुपारचे ३० अंश आणि एप्रिलमधल्या दुपारचे ४० अंश यांची तुलना करू.

लॉग(के२ ÷ के१) = १०८००० ÷ (२.३०३ × ८.३१४) × (१/३०३ − १/३१३)

यात ८.३१४ हा वायू स्थिरांक, आणि ३०३, ३१३ म्हणजे तीच तापमानं केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३). उजवी बाजू येते ०.५९. त्याचा अँटिलॉग ३.९. म्हणजे दहा अंशांत वेग जवळजवळ चौपट. "दर दहा अंशांना वेग दुप्पट" असं पुस्तकांत वाचायला मिळतं, तो ढोबळ नियम आहे. या तापमानाला तो सक्रियण ऊर्जा ५५ किलोज्यूलच्या जवळ असेल तेव्हाच जुळतो. घाट जितका उंच, तितका तापमानाचा परिणाम मोठा. ट्रॉलीवरच्या उसात आम्लापेक्षा विकराचं राज्य असल्यामुळे तिथला आकडा वेगळा येईल, पण दिशा तीच. हंगामाच्या शेवटी, उन्हं तापल्यावर, रांगेतला एकेक तास डिसेंबरातल्या तासापेक्षा महाग पडतो.

इथे दरवर्षी कुणीतरी ३०३ आणि ३१३ च्या जागी ३० आणि ४० घालतं. केल्विन विसरून सेल्सिअस. मग उजवी बाजू येते ४७, आणि वेग वाढतो एकावर सत्तेचाळीस शून्ये इतका पट. असं खरंच असतं तर उन्हाळ्यात सोलापुरात उभ्या उसाचा स्फोट झाला असता.

कुठवर?

आता थोरला के. हा शिकवताना मला सगळ्यात जास्त त्रास देतो तो 'समतोल' हाच शब्द. आपल्याला समतोल म्हटलं की तागडी दिसते: दोन्ही पारडी सारखी, काटा मधोमध, हालचाल बंद. रासायनिक समतोलात यातलं काहीच खरं नाही. पारडी सारखी नसतात आणि हालचाल तर क्षणभरही थांबत नाही.

त्यापेक्षा लग्नाचं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. विजापूर रोडवरचं असो की होटगी रोडवरचं. एकीकडे मंडप, दुसरीकडे जेवणाचा हॉल, मध्ये दार. बाहेरचं फाटक बंद. तीनशे पाहुणे आत, ना कुणी येतंय ना जातंय. दर मिनिटाला मंडपातले १० टक्के लोक उठून जेवायला जातात, आणि हॉलमधले ५ टक्के लोक परत मंडपात येतात. सुरुवातीला सगळे मंडपात. पहिल्या मिनिटाला तीस उठतात. दुसऱ्या मिनिटाला २७ उठतात, आणि एक-दोघं परततात. पुढे जाणारे कमी होत जातात, येणारे वाढत जातात. अर्ध्या तासात चित्र स्थिरावतं: मंडपात १००, हॉलमध्ये २००. आता दर मिनिटाला १० जातात, १० येतात. गच्चीवरून बघणाऱ्याला वाटेल सगळं थांबलंय. पण काका आत गेले, मामा बाहेर आले, मावशी पुन्हा आत गेल्या. चेहरे बदलतात, संख्या नाही.

सारखे झाले ते दोन्ही दिशांचे वेग. माणसं सारखी झाली नाहीत. हॉलमध्ये दुप्पट आहेत. हा दोनाचा आकडा आला तो १० टक्के भागिले ५ टक्के यातून. हाच थोरला के. म्हणजे जाण्याचा धाकटा के भागिले येण्याचा धाकटा के. १८६४ साली गुल्डबर्ग आणि वागे या दोन नॉर्वेजियन मेहुण्यांनी मांडलेल्या नियमाचं बीज इथेच आहे.

या कार्यालयाचा मी वर्षानुवर्षं फडशा पाडत आलोय, कारण अख्खा धडा त्यात बसतो.

मध्येच मुलीकडचे ६० जण मंडपात आले. आता मंडपात १६०, हॉलमध्ये २००. या घडीचं गुणोत्तर २०० ÷ १६० = १.२५. या चालू गुणोत्तराला 'क्यू' म्हणतात. क्यू थोरल्या के पेक्षा कमी आहे, म्हणून लोंढा पुढे, हॉलकडे वळणार. तो किती? पुन्हा २ गुणोत्तर होईपर्यंत: मंडपात १२०, हॉलमध्ये २४०. आलेल्या साठांपैकी चाळीसजण आत गेले, वीस मंडपातच वाढले. १८८४ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलेलं तत्त्व हेच: समतोल ढळवला की व्यवस्था तो बदल कमी करायच्या दिशेने सरकते. कमी करते, पुसून टाकत नाही. पुस्तकात हे वाक्य पाठ असलेल्या पोरालाही वीस माणसं मंडपात वाढलेली दिसेपर्यंत त्याचा अर्थ कळत नाही, असा माझा अनुभव.

दार दुप्पट रुंद केलं तर? जाणारे २० टक्के, येणारे १० टक्के. गुणोत्तर तेच २, माणसं तीच १०० आणि २००, फक्त अर्ध्या तासाऐवजी पाव तासात. दार रुंद करणारा म्हणजे उत्प्रेरक. तो दोन्हीकडची घाई वाढवतो, मुक्काम बदलत नाही.

आणि मे महिना असेल, हॉलमध्ये कूलर असतील, मंडपात नसतील तर? आत गेलेला माणूस लवकर बाहेर येईना. ५ टक्क्यांचे २ टक्के झाले. आता १० ÷ २ = ५. मंडपात ५०, हॉलमध्ये २५०. तापमान दोन्ही दिशांच्या वेगांवर सारखा परिणाम करत नाही, म्हणून थोरला के बदलतो. त्याला बदलू शकणारी गोष्ट तेवढी एकच. माणसं वाढवा, दार वाढवा, तो ढिम्म.

जाता जाता एक. घराच्या टाकीत वरून नळ चालू, खालून तोटी चालू आणि पातळी कायम, हे उदाहरण समतोल म्हणून अनेक ठिकाणी देतात. ते समतोलाचं उदाहरण नाही. टाकीत पाणी एकाच दिशेने वाहतंय, आणि नळ गेला की पातळी उतरते. नळ जाणं म्हणजे काय हे सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. समतोलात तोच रस्ता दोन्हीकडून चालू असतो, आणि फाटक बंद असतं.

खरं गणित, मळीपासून

मळी आंबवली की आसवनीत अल्कोहोल मिळतं. ते ॲसिटिक आम्लात मिसळलं की इथाइल ॲसिटेट हे एस्टर आणि पाणी तयार होतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा तो गोडसर वास आठवा. १८६२ च्या सुमारास बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी पॅरिसमध्ये ही अभिक्रिया चिकाटीने अभ्यासली. एक मोल आम्ल, एक मोल अल्कोहोल घेतलं तर कितीही वाट पाहा, दोन तृतीयांशावर गाडी थांबते. तेही नुसतं ठेवून दिलं तर तिथवर पोचायला महिनोन्‌महिने. गरम करून चार थेंब गंधकाम्ल घातलं तर काही तासांत. मुक्काम दोन तृतीयांशच. किती लवकर आणि कुठवर, दोन्ही एकाच बाटलीत.

हे दोन तृतीयांश येतं कुठून? असे अनेक पदार्थ असले की थोरला के म्हणजे तयार झालेल्यांच्या संहतींचा गुणाकार भागिले घेतलेल्यांच्या संहतींचा गुणाकार. या अभिक्रियेत तो जवळपास ४ आहे. तीन ओळी मांडा: सुरुवात, बदल, शेवट. सुरुवातीला आम्ल १, अल्कोहोल १, एस्टर ०, पाणी ०. बदल: क्ष मोल आम्ल खर्ची पडलं, तेवढंच अल्कोहोल, तेवढंच एस्टर आणि पाणी झालं. शेवटी आम्ल १ − क्ष, अल्कोहोल १ − क्ष, एस्टर क्ष, पाणी क्ष. दोन्ही बाजूंना दोन-दोनच मोल असल्यामुळे आकारमान कापलं जातं, लिटर किती याची चौकशी नको.

(क्ष × क्ष) ÷ [(१ − क्ष) × (१ − क्ष)] = ४

दोन्हीकडे वर्गमूळ घ्या: क्ष ÷ (१ − क्ष) = २. म्हणून क्ष = २/३. वर्ग सोडवत बसायची गरजच नाही. हे न दिसल्याने अर्धं पान खरडणारी पोरं दरसाल भेटतात.

आता अल्कोहोल दुप्पट, २ मोल घेऊ. या वेळी वर्गमूळाची सोय नाही. क्ष × क्ष = ४ × (१ − क्ष) × (२ − क्ष). सोडवलं की ३ क्ष-वर्ग − १२ क्ष + ८ = ०. दोन उत्तरं येतात: ०.८४५ आणि ३.१५५. दुसरं फेकून द्यायचं. का? "ऋण नाहीये की सर ते," असं माढ्याच्या त्या पोरानेच विचारलं होतं. ऋण नाही, पण आम्ल होतंच मुळी एक मोल, त्यातून तीन मोल एस्टर कुठून काढणार? दुकानात एक किलो शेंगाचटणी असताना तीन किलोचं बिल फाडता येत नाही. गणित दोन्ही मुळं देतं, निवड रसायनाने करायची असते. तर ६७ टक्क्यांवरून आम्लाचं रूपांतर ८५ टक्क्यांवर गेलं, थोरला के मात्र चारच राहिला.

के फार लहान असेल तर आणखी एक सवलत मिळते. व्हिनेगरातल्या आम्लाचं आयनीभवन, म्हणजे पाण्यात विद्युतभारित कणांत फुटणं, घ्या, के = ०.००००१८, संहती ०.१. इथे इतकं थोडं आम्ल फुटतं की ०.१ − क्ष च्या जागी सरळ ०.१ धरायचं. क्ष येतो ०.००१३४, म्हणजे १.३ टक्के. गृहीत धरलेलं पाच टक्क्यांच्या आत बसलं की चाललं, नाहीतर वर्गसमीकरणाकडे परत.

घन पदार्थांची भानगड वेगळीच. चुनखडी भाजली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड. चुनखडी आणि चुना दोन्ही घन, त्यांची संहती बदलत नाही, म्हणून थोरल्या के मध्ये उरतो फक्त वायूचा दाब. सुमारे ९०० अंशांना हा दाब एका वातावरणाइतका होतो. बंद भांड्यात तिथे समतोल साधेल. वर आणखी दहा पोती चुनखडी ओतली तरी दाब हलणार नाही. पण भट्टीवाला वरचं तोंड उघडं ठेवतो. वायू निघून जात राहतो, समतोल कधी येतच नाही, आणि चुनखडी सगळी भाजून निघते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर फसफसून येतं तेही याच कारणाने: वरचा दाब गेला, आतला वायू बाहेर निघाला.

आणि साखर? तिचा थोरला के लाखाच्या घरात आहे, म्हणजे 'कुठवर'चं उत्तर 'जवळजवळ संपेपर्यंत'. असं असूनही, जंतू लागू न देता शुद्ध पाण्यात नुसती ठेवलेली साखर अर्धी फुटायला शेकडो वर्षं जातात. थोरला म्हणतो जा, धाकटा जागचा हलत नाही. ट्रॉलीवरच्या उसात विकराने धाकट्याला हाकललं, इतकंच. त्या मुलाला त्याचं उत्तर इथे मिळालं.

पण एक ठिकाण असं आहे जिथे दोघं उघड भांडतात, आणि तेही उसाच्या फडाशीच जोडलेलं. युरियासाठी अमोनिया लागतो. नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, त्यातून अमोनियाचे दोन, आणि ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर. उष्णता बाहेर पडते म्हणून तापमान वाढवलं की थोरला के घसरतो, अमोनिया कमी. तापमान उतरवलं तर थोरला खूष, पण धाकटा गारठून बसतो. नायट्रोजनचा रेणू इतका घट्ट की फुटतच नाही. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत यातून वाट काढली, आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कार्ल बॉशच्या देखरेखीखाली कारखाना सुरू झाला. तडजोड अशी: ४०० ते ५०० अंश, म्हणजे धाकटा हलेल इतकं गरम. जोडीला लोखंडाचा उत्प्रेरक. आणि दोनशे वातावरणांच्या आसपास दाब, कारण चार रेणूंचे दोन होतात तेव्हा दाबाखाली अमोनियाची बाजू सोयीची पडते. एवढं करूनही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूचा अमोनिया होतो.

"पंधराच?" माढ्याचा मुलगा निराश झाला. मग मी सांगितलं की बाहेर आलेलं मिश्रण थंड करतात, अमोनियाचा द्रव होतो, तो काढून घेतात, आणि उरलेला वायू पुन्हा आत सोडतात. तो थोडा वेळ फळ्यावरच्या कार्यालयाकडे बघत बसला.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "जेवलेल्याला मागच्या दारानं घरी लावायचं. मंडपात परत येऊच द्यायचं नाही."